बी.एस्सी. झालेल्या पोराने पुन्हा एफवायला का बसायचं?

मागच्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी पाचपाखाडीला घरी आला, पेढे घेऊन. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. पेढा तोंडात असतानाच मी तो प्रश्न विचारला जो आपण सगळेच विचारतो आणि त्या दिवशी तरी विचारू नये, की आता पुढे काय, तर तो हसून म्हणाला, "सर, ऐरोली." एवढ्या एका शब्दात सगळं आलं. ठाण्याला सकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडणाऱ्या गर्दीत किती बी.एस्सी. असतात ते कधी मोजा, ऐरोली रबाळे घणसोलीला उतरायचं, हेडफोन लावायचा आणि अमेरिकेतल्या कुणाचा तरी इन्शुरन्सचा क्लेम का अडकलाय ते बघत बसायचं. यात वाईट काही नाही, पगार वेळेवर होतो, घर चालतं. पण तीन वर्षं ज्याने रेडिओअॅक्टिव्हिटीची गणितं सोडवली त्याला तिथे त्यातलं काहीच लागत नाही, आणि जिथे ते सगळं रोज लागतं ते दार त्याच गाडीने आणखी पुढे गेलं की खारघरला, कॅन्सरच्या हॉस्पिटलात आहे, तिथे त्याला कोणी उभं करत नाही.

म्हणजे रेडिओथेरपी. कॅन्सरच्या पेशंटला मशीनवर घेऊन रेडिएशन देणारी जी माणसं असतात, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, त्यांच्याबद्दल बोलतोय. मी त्याला विचारलं, हे बघितलंस का. तर त्याने बघितलं होतं. एका कॉलेजला फोन केला होता, पलीकडून विचारलं बारावीला बायोलॉजी होतं का, हा म्हणाला नाही, मॅथ्स होतं, पण आता मी ग्रॅज्युएट आहे, तर उत्तर आलं की ग्रॅज्युएशनचा काही संबंध नाही, अॅडमिशन बारावीवर, आणि घेतली तर फर्स्ट इयरपासून. म्हणजे तीन वर्षं अधिक इंटर्नशिपचं एक. वय एकवीस, चार मिळवले की पंचवीस, आणि घरी वडील रिटायर व्हायला दोन वर्षं.

माझं म्हणणं सरळ आहे. सायन्सची डिग्री असलेल्या मुलाला दोन वर्षांत, हॉस्पिटलमध्येच शिकून, शिकताना स्टायपेंड घेऊन रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट होता आलं पाहिजे. पदवीनंतरचे डिप्लोमे इकडेतिकडे आहेत, नाहीत असं नाही, पण मूठभर सीट आणि त्याही माहीत असणाऱ्यालाच माहीत. तो नेहमीचा रस्ता झाला पाहिजे, आणि त्याच्या तोंडावर बारावीच्या बायोलॉजीचा टोलनाका नको.

आता मला यातलं काय कळतं असं कोणी विचारेल, आणि बरोबरच आहे, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा माणूस. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीला गालाचा कॅन्सर निघाला. मूळची पाटणची, लहानपणापासून मिश्री, महाराष्ट्राने गुटखा बंद केला २०१२ साली, पण मिश्रीच्या डबीकडे कोणी बघितलं नाही, असो. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशनचे ३० दिवस, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मावशी त्याला शेक म्हणायची. रोज २ ग्रे (रेडिएशनचा डोस ग्रेमध्ये मोजतात), एकूण ६०. मी सुट्टी टाकून, क्लासच्या वेळा फिरवून तिला कळव्याहून नवी मुंबईत न्यायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो, त्यामुळे ३० दिवस हेच काम बघितलं.

आधी मास्क बनवतात. जाळीची प्लास्टिकची शीट गरम पाण्यात टाकली की मऊ पडते, ती चेहऱ्यावर ताणून बसवायची, काही मिनिटांत गार होऊन कडक होते, आणि मग पुढचे सहा आठवडे रोज तोच मास्क घालून टेबलाला जखडून झोपायचं म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. मावशी पहिल्या दिवशी घाबरून रडली. मशीनवर एक मुलगी होती, पंचवीस-सव्वीसची, तिने मास्क काढला, मावशीचा हात धरून दोन मिनिटं नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, श्वास नेहमीसारखा घ्यायचा, मी बाहेर असले तरी टीव्हीवर तुम्हालाच बघत असते, नको वाटलं तर हात वर करायचा, मी लगेच थांबवते." मग मास्क, मग लेझरच्या रेघा मास्कवरच्या खुणांवर जुळवायच्या, टेबल मिलिमीटरमध्ये सरकवायचं, बाहेर येऊन स्कॅन घ्यायचा, प्लॅनच्या स्कॅनवर तो ठेवून हाडं जुळतात का बघायचं, आणि मग बीम, म्हणजे किरणांचा झोत. पुढचा पेशंट दारात उभाच असतो.

चौथ्या आठवड्यात एक दिवस मावशीला आत नेऊन पाऊण तास झाला तरी बाहेर आणेनात. मी वैतागलो. शेजारच्या माणसाला म्हणालोसुद्धा, बटण दाबायला एवढा वेळ? हे मी स्वतः बोललोय, म्हणून लिहितोय. नंतर कळलं ते असं की मावशीचं जेवण तुटलं होतं, वजन उतरलं होतं, गाल बसले होते, आणि मास्क सैल झाला होता. डोकं आतल्या आत किंचित फिरत होतं. त्या मुलीला स्कॅन जुळवताना ते दिसलं, दोनदा जुळवून बघितलं, मग तिने ट्रीटमेंट दिलीच नाही, डोसचं गणित बघणाऱ्या फिजिसिस्टला बोलावलं, डॉक्टरला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन मास्क, नवीन स्कॅन, नवीन प्लॅन. ती गप्प राहून बीम सोडू शकली असती, रांग होती, बाहेर माझ्यासारखे वैतागलेले होते. सोडला असता तर डोस ज्या गाठीच्या जागी जायचा तिथून सरकून कुठे, लाळग्रंथीवर, मणक्यातल्या मज्जारज्जूवर, देव जाणे.

याला बटण दाबणं म्हणत नाहीत. तरी आपण सगळे टेक्निशियन म्हणूनच हाक मारतो, फ्रीजचा टेक्निशियन आला तसं.

इथे मला थेरॅक-२५ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, माझ्या क्लासच्या पोरांना पाठ झालीये. कॅनडात बनलेलं रेडिएशनचं मशीन, जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात मिळून सहा पेशंटना भयंकर ओव्हरडोस गेला, त्यातले काही गेले. सॉफ्टवेअरची चूक. टेक्सासमधल्या टायलर गावात १९८६ च्या मार्चमध्ये ऑपरेटरने एक अक्षर चुकून वेगळं टाइप केलं, सवयीने झटकन मागे जाऊन दुरुस्त केलं, मशीनला ती दुरुस्ती नीट कळली नाही, स्क्रीनवर आलं "मालफंक्शन ५४". आता ते मशीन असले निरर्थक मेसेज दिवसातून कितीदा द्यायचं, त्यामुळे तिने पुढे चालू असं बटण दाबलं. त्या दिवशी आतला कॅमेरा आणि इंटरकॉमही चालू नव्हते. पण लोक इथपर्यंतच गोष्ट सांगतात आणि पुढची विसरतात. पुढच्या महिन्यात तिथेच तसंच पुन्हा झालं, आणि तेव्हा त्याच ऑपरेटरला आपण नेमक्या कुठल्या की कुठल्या क्रमाने दाबल्या ते आठवलं, ती आणि तिथला फिजिसिस्ट बसून पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले, वेग वाढवला, आणि ती चूक त्यांनी हाताने पुन्हा घडवून दाखवली. बनवणाऱ्या कंपनीला तोवर जे सापडलं नव्हतं ते कन्सोलवर बसणाऱ्या बाईच्या आठवणीमुळे सापडलं. म्हणून मला तिथे असा माणूस हवाय ज्याला मेसेजचा अर्थ कळत नसेल तर अस्वस्थ वाटतं. प्रॅक्टिकलला रीडिंग जमत नाही म्हणून तीन वर्षं सरांची बोलणी खाल्लेल्या पोरांना हे अस्वस्थ वाटणं थोडंफार लागलेलं असतं. सगळ्यांना नाही, जर्नल उतरवणारेही मला माहितीयेत.

आणि विषयाचं म्हणाल तर या कामाचं अर्धं डोकं फिजिक्सचंच आहे. रेडिएशनच्या काही मशीनमध्ये सोर्स म्हणून असतो त्या कोबाल्ट-६० चं हाफ-लाइफ, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं, हे आमच्याकडे गणितात येतं. तेच मशीनवर असं दिसतं की सोर्स महिन्याला साधारण एक टक्क्याने मंदावतो, म्हणजे तोच डोस द्यायला वेळ तेवढा वाढवावा लागतो. अंतर वाढलं की तीव्रता वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे नववी-दहावीपासून घोकलेलं. मग फिजिक्सवाल्याला बायोलॉजी नाही म्हणून बाहेर ठेवायचं आणि ज्याने मॅथ्स सोडलंय त्याला आत घ्यायचं, यात काय लॉजिक आहे मला खरंच कळलेलं नाही. अॅनाटॉमी लागते, शंभर टक्के लागते, पण ती कोर्समध्ये शिकवतातच, बारावीच्या बेडकावर आणि फुलावर कोणी मास्क बनवत नाही.

बरं, आपल्याकडे हे नवीन आहे का? अजिबात नाही, आणि गंमत म्हणजे सगळं आपल्याच परिसरात आहे. मेडिकल फिजिसिस्ट कसे तयार होतात? एम.एस्सी. फिजिक्स, मग बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग इंटर्नशिप. हा डिप्लोमा १९६२ पासून चालू आहे. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे पेशंटला रेडिओअॅक्टिव्ह औषध देऊन स्कॅन काढतात तिथे, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा बी.एस्सी. नंतर करायचा डिप्लोमा कित्येक वर्षं चालला, आणि त्यातून निघालेली माणसं देशभर काम करतात. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांना डिग्रीनंतर आत घेतलं आणि तिसऱ्याला सांगितलं तू बारावीतून ये. इंग्लंडमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा एम.एस्सी. असतो, तो केला की रजिस्ट्रेशन मिळतं. अमेरिकेत हातात डिग्री असेल तर वर्ष-दोन वर्षांचा सर्टिफिकेट प्रोग्रॅम आणि मग एआरआरटी या तिथल्या नोंदणी संस्थेची परीक्षा. तिकडे पंचवीस-तीस वर्षांची माणसं दुसरं काहीतरी सोडून या कामात येतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

कायद्याची अडचण आहे का, तर तीही मला दिसत नाही. २०२१ मध्ये अलाइड हेल्थवाल्यांसाठी, म्हणजे टेक्नॉलॉजिस्टसारख्या डॉक्टर-नर्स नसलेल्यांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, त्याच्या यादीत रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट नावानिशी आहे. त्यात अलाइड प्रोफेशनलसाठी किमान २००० तास आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण सांगितलंय. आता मी मास्तर, हिशोब करणारच. आठवड्याला ४० तास, वर्षाला ४८ आठवडे, झाले १९२०, दोन वर्षांत ३८४०. म्हणजे पूर्णवेळ दोन वर्षं खरोखर घासली तर तासांच्या मोठ्या आकड्यालाही आपण ओलांडतो. कायदा वरच्या पातळीसाठी तीन ते सहा वर्षं असा कालावधीही धरतो हे खरं, पण मग बी.एस्सी.ची तीन वर्षं कुठे गेली? तीसुद्धा विद्यापीठानेच दिलीयेत ना, का चणे-फुटाणे खाऊन मिळाली.

आता विरोध. माझ्या ओळखीचे एक सीनियर टेक्नॉलॉजिस्ट आहेत, वीस वर्षं मशीनवर, त्यांच्याशी तलावपाळीला बसून यावर चांगलं दोन तास वाजलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमची फिजिक्सची पोरं येतील, दोन वर्षांत कंटाळतील आणि फिजिसिस्ट व्हायला पळतील. पेशंटचा डायपर बदलायची वेळ आली की बघा, डिग्री कुठे ठेवतात." हे मला लागलं, कारण यात तथ्य आहे. ज्याला माणसाच्या अंगाला हात लावायची किळस आहे, ज्याला तोंडात जखमा झालेल्या पेशंटचा वास सोसत नाही त्याने मार्क कितीही असले तरी येऊ नये. म्हणून अॅडमिशनच्या आधी दोन आठवडे नुसतं डिपार्टमेंटमध्ये उभं करा, ट्रॉली ढकलू दे, मग काय ते ठरवू दे. निम्मे गळतील. गळू देत. पण पळून जातात म्हणून दार बंद ठेवायचं हे बारावीवाल्यांनाही लागू होतंच की, तेही चार वर्षं करून परदेशात जातातच.

त्यांचा दुसरा मुद्दा होता पगाराचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. चार वर्षं शिकलेल्याला आज जे मिळतं ते ऐकून मी गप्प झालो, तेवढ्यात ऐरोलीचा पोरगा फ्रेशर म्हणून जातो. मग पदवीधरांचा रस्ता उघडून पगार आणखी पाडायचा डाव असेल तर मी त्यांच्या बाजूने. पोस्ट एक, काम एक, पगार एक, आणि तो आजच्यापेक्षा वर. दोन्हीकडून आलेल्यांना एकच परीक्षा आणि एकच लॉगबुक, इतके मास्क बनवले, इतकी सिम्युलेशन (ट्रीटमेंटआधीचं मोजमाप आणि स्कॅन) केली, इतके पेशंट देखरेखीखाली जुळवले, सही शिक्का. यात पदवीवाल्याला एक मास्कसुद्धा सूट नको. सूट फक्त त्या वर्षांची जी पुन्हा फर्स्ट इयरचं इंग्लिश आणि कॉम्प्युटर बेसिक्स शिकण्यात जातात. आणि सहा महिन्यांत पॅरामेडिकल, शंभर टक्के नोकरी असले जे बोर्ड स्टेशनबाहेर लागतात त्यांच्याशी माझ्या म्हणण्याची गल्लत कोणी करू नका, ते प्रकरण वेगळं आणि धोकादायक आहे, रेडिएशनमध्ये तर फारच.

खरी गाठ स्टायपेंडची आहे. दोन वर्षं आणखी शिक, हे सांगणं सोपं असतं सांगणाऱ्याला. वागळे इस्टेटच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेल्या आयटीआयच्या पोराला १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यामुळे स्टायपेंड मिळतो, कारण तो शिकता शिकता काम करतो हे सरकारने मान्य केलंय. हॉस्पिटलमध्ये शिकणारा पोरगा पेशंट आणतो, मास्क धरतो, रेकॉर्ड भरतो, आणि बऱ्याच ठिकाणी वर फी भरतो. हे उलटं आहे. ज्या हॉस्पिटलने कित्येक कोटींचं मशीन घेतलं त्याला दोन शिकाऊंचा खर्च जड होतो, हे मी मान्य करायला तयार नाही. मशीन घेतानाच अट टाका, इतके शिकाऊ घ्याल तर परवानगी.

कारण मशीनं येतायत. ट्रॉम्बेच्या बीएआरसीने भाभाट्रॉन हे कोबाल्टवर चालणारं रेडिएशनचं मशीन बनवलं, आपण ते मंगोलियाला दिलं, केनियाला दिलं, छाती फुगली, ठीकच आहे. त्यात लागणाऱ्या कोबाल्टचं काम बघणारी ब्रिट ही सरकारी संस्था वाशीत आहे. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, प्रोटॉनच्या झोताने ट्रीटमेंट देणारं केंद्र २०२३ मध्ये देशाला अर्पण झालं. ग्लोबोकॅन या कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजाने देशात वर्षाला १४ लाखांवर नवीन कॅन्सर पेशंट, त्यातल्या साधारण निम्म्यांना कधी ना कधी रेडिएशन लागतं असं धरतात. मशीन टेंडर काढून आणता येतं. मावशीचा मास्क सैल झालाय हे ओळखणारी मुलगी टेंडरमध्ये येत नाही.

एक गोष्ट राहिली, ती घरोघरी बोलली जाते म्हणून लिहितो. क्लासमधल्या एका मुलीला मी हे क्षेत्र सुचवलं तर तिची आई दुसऱ्या दिवशी आली, "सर, किरणांचं काम, उद्या लग्न, मुलंबाळं." मी काय सांगितलं ते सांगतो. बीम चालू असताना आत फक्त पेशंट असतो, बाकी सगळे जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे. लिनॅक, म्हणजे विजेवर चालणारं रेडिएशनचं मशीन, बंद केलं की बीम बंद, ट्यूबलाइटसारखं. कोबाल्टचं तसं नसतं, तो सोर्स कधीच बंद होत नाही, नुसता शिशाच्या आड जातो, म्हणून तिथे शिस्त जास्त. प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, किती डोस मिळाला त्याची नोंद होते. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि बाई गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण लोकांना कसं सांगायचं हे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती मुलगी आता बी.कॉम. करते.

मावशी बरी आहे. तोंड अजून कोरडं पडतं, भाकरी ताकात कुस्करून खाते. तिचे दोन्ही मास्क घरी आणलेत, पहिला आणि दुसरा, गॅलरीत खिळ्याला टांगलेत, त्यातल्या एकावर कढीपत्त्याची फांदी चढलीये. त्या मुलीला दिवाळीला फराळ द्यायला गेली होती.

आणि तो पेढेवाला विद्यार्थी. ऐरोलीला लागला, नाइट शिफ्ट. मला वाटलं विषय संपला, पण त्याने बोर्डाचा फॉर्म भरलाय, बारावीचा एकच सुटा विषय, बायोलॉजी. फिजिक्सची डिग्री घेतलेला, रात्री क्लेम बघणारा पोरगा फेब्रुवारीत युनिफॉर्ममधल्या मुलांबरोबर बाकावर बसून बायोलॉजीचा पेपर देणार, फिजिक्सच्या मशीनवर उभं राहता यावं म्हणून. परवा पहाटे गाडीतून त्याने पुस्तकाच्या पहिल्या धड्याचा फोटो पाठवला, वनस्पतींचं प्रजनन, फुलाचा उभा छेद, आणि खाली लिहिलंय, "सर, यातलं पुंकेसर कुठलं?"